आर्थर : युद्धनायक की राजा ?

नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ हा लॅटिन ग्रंथ आर्थरच्या बारा लढायांची नोंद करतो. त्यात तो ब्रिटनांच्या राजांसमवेत लढतो. परंतु त्याचे स्वतःचे पद ‘युद्धनायक’ एवढेच आहे. त्याच्या राजपदाचा सविस्तर वृत्तान्त सुमारे ११३८ मध्ये मॉनमथच्या जेफ्रीने रचला. गोलमेज व लॅन्सलॉट हे त्याहूनही उत्तरकालीन होत.

‘किंग आर्थर’ (२००४) हा चित्रपट दंतकथेमागील खरा पुरुष दाखविण्याची प्रतिज्ञा करतो व आर्थरला रोमन सेनाधिकारी ठरवितो. तथापि गोलमेज व लॅन्सलॉट त्यात आहेतच, आणि अखेरीस नायक राजाही होतो. दंतकथा रंगविण्याचा कलावंताचा अधिकार निर्विवाद आहे. तिच्यावर इतिहासाची मुद्रा उमटविली की मात्र त्या जुन्या लॅटिन पदनामाचीच साक्ष काढावी लागते.