पाहण्याआधीच टाळ्या

कृष्णवर्णीय कलावंतांच्या प्रदर्शनांवर अलीकडे जे लिहिले जाते त्यातले बरेचसे चित्रांसमोर उभे न राहताही लिहिता आले असते. कलावंताचे आईवडील कुठल्या बेटावरून इंग्लंडला आले, त्याची लैंगिक ओळख काय, संग्रहालयाने त्याला जागा द्यायला किती उशीर केला आणि अखेर ती मिळाली हे किती चांगले झाले, एवढे सांगून लेख संपतो. रंगाचा थर कसा आहे, आकृती चौकटीने कुठे कापली आहे, चित्रातला माणूस आपल्याकडे पाहतो की आपल्या खांद्यावरून पलीकडे, याविषयी अवाक्षर नसते. सोनिया बॉइसला २०२२ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत सुवर्णसिंह मिळाला. ब्रिटनच्या दालनात एकटीचे काम मांडणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, हे सगळ्यांनी लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण त्या दालनात गायिकांचे आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत झिरपत होते, कुठे जुळत होते, कुठे एकमेकांवर आदळत होते. त्या आवाजांचे काय? अभिनंदनाची इतकी घाई झाली की ऐकणे राहून गेले. अशा वेळी कोबेना मर्सर पुन्हा वाचावा. कला, वंश आणि लैंगिकता या तिन्हींवर एकाच वेळी लिहिताना हातातली कलाकृती क्षणभरही न सोडणारा त्याच्याइतका दुसरा समीक्षक मला दिसत नाही.

अमेरिकी छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्पवर मर्सरने दोनदा लिहिले आणि दुसऱ्यांदा लिहिताना पहिले मत स्वतःच तपासायला घेतले, हे प्रकरण सर्वज्ञात आहे. त्यातून आपण काय शिकलो, हा प्रश्न मात्र अजून उभा आहे. १९८६च्या लेखात मर्सर आरोपपत्र मांडतो. सूट घातलेल्या काळ्या माणसाच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात डोके चौकटीबाहेर गेलेले, चेहरा नाही, नाव नाही. उरते ते फक्त उघडे लिंग. इतर छायाचित्रांत कातडी ब्राँझच्या मूर्तीसारखी चकाकते, शरीराचे तुकडे पडतात, माणूस वस्तू होतो. गोऱ्या माणसाच्या मनातला काळ्या पुरुषाविषयीचा जुना भयगंड आणि जुनी अभिलाषा दोन्ही इथे सुंदर प्रकाशात मांडून ठेवली आहेत, हे मर्सर इतक्या नेमकेपणाने दाखवतो की कुणीही तिथेच थांबला असता. तो थांबला नाही. तीनच वर्षांनी त्याने लिहिले की पहिल्या लेखात पाहणारा कोण, हे आपण लपवून ठेवले होते. त्या छायाचित्रांकडे एक काळा समलिंगी पुरुष पाहत होता, त्याला त्या देहांची ओढ वाटत होती, आणि आपल्या रागात ती ओढही मिसळलेली होती. छायाचित्रकार गोरा होता तसा समलिंगीही होता. त्याचे मॉडेल अनेकदा त्याच्याच वर्तुळातले होते आणि त्यांतल्या कित्येकांना आपण एड्सने गमावत होतो. हे सगळे जमेस धरल्यावर तेच चित्र दोन उलट गोष्टी एकाच वेळी बोलू लागते. मर्सरने पहिला आरोप मागे घेतला नाही. त्याने त्याच्या शेजारी दुसरे वाचन ठेवले आणि दोन्हींमधला ताण वाचकाच्या हाती दिला. अमेरिकी कलावंत ग्लेन लायगनने १९९१ ते १९९३ या काळात मेपलथॉर्पच्या 'ब्लॅक बुक' या छायाचित्रसंग्रहातली पाने सुटी करून, चौकटीत बसवून भिंतीवर लावली आणि त्यांच्यामध्ये तत्त्वज्ञांपासून धर्मोपदेशकांपर्यंत अनेकांची मते टांगली. मर्सरने लेखात केले तेच लायगनने भिंतीवर केले. त्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्याला स्वतःच्या नजरेतून पळ काढता येत नाही.

असे पाहणे मर्सर संग्रहालयांपुरते ठेवत नाही, आणि म्हणून त्याचा १९८७चा केसांवरचा निबंध मला मेपलथॉर्पवरच्या लेखांइतकाच मोलाचा वाटतो. आफ्रो आणि ड्रेडलॉक्स हे 'नैसर्गिक' म्हणून स्वाभिमानाचे, आणि रसायन लावून सरळ केलेले केस हे गोऱ्यांची नक्कल म्हणून गुलामीचे, ही मांडणी एव्हाना सर्वमान्य झाली होती. तरुणपणी आपण केस सरळ करून घेतले याचा माल्कम एक्सने आत्मचरित्रात पश्चात्तापच केला आहे. मर्सर विचारतो, आफ्रो खरेच आफ्रिकेतून आला का? भांग, फणी, कात्री, तेल यांच्याशिवाय कुठल्या समाजात केस असतात? केसांना हात लागला की ते संस्कृतीचे होतात, 'नैसर्गिक' दिसण्यासाठीसुद्धा कारागिरी लागते. आणि चाळीसच्या दशकात हार्लेमचे तरुण जे लालसर, चमकदार, मागे वळवलेले केस मिरवत होते तसे केस कुठल्याही गोऱ्या माणसाच्या डोक्यावर नव्हते; मग ती नक्कल कुणाची? या एका प्रश्नाने अस्सलपणाची सगळी मोजमापे हलतात. मराठीत या जागी आपण 'अस्मिता' हा शब्द वापरतो, आणि तो उच्चारताच छाती थोडी पुढे येते. मर्सरला अभिप्रेत आहे तो 'ओळख' हा शब्द. ओळख घडत असते, चुकत असते, दुसऱ्याच्या डोळ्यांतून उलटून येत असते. अस्मितेला ही सवड नसते.

लंडनच्या हेवर्ड गॅलरीत १९८९ मध्ये रशीद अराईनने युद्धोत्तर ब्रिटनमधल्या आफ्रिकी व आशियाई वंशाच्या कलावंतांचे 'द अदर स्टोरी' हे प्रदर्शन भरवले. त्या निमित्ताने मर्सरने प्रतिनिधित्वाच्या ओझ्यावर जे लिहिले ते आजच्या लेखनाला सर्वांत जास्त लागू पडते. जागा मोजक्याच मिळत असतील तर त्या जागेवर आलेल्या प्रत्येकाकडून संपूर्ण समाजाचे म्हणणे एकदाच मांडण्याची अपेक्षा केली जाते. मग चित्र फसले आहे असे म्हणणे म्हणजे समाजावर टीका, आणि चित्र उत्तम आहे म्हणणे म्हणजे समाजाचा सत्कार. कलावंताला चुकण्याची मुभा राहत नाही आणि समीक्षकाला पाहण्याची. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. ब्लॅक पँथरवरून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि तेव्हापासून दलित कवितेला व आत्मकथनाला सामाजिक दस्तऐवज म्हणून मान देण्याची जी सवय आपल्या समीक्षेला लागली तीत त्या भाषेची मोडतोड, तिची लय, तिचा विनोद यांकडे पाहायचे राहूनच गेले. हा आदर दिसायला मोठा असतो, पण त्यात लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केलेले असते.

कलेला रंग नसतो, असे सांगणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवायला नको. ते ज्या इतिहासाला सार्वत्रिक म्हणतात त्यातून कुणाला वगळले होते हे 'द अदर स्टोरी'नेच दाखवून दिले. लिलावाच्या आकड्यांवर उड्या मारणाऱ्यांची गोष्टही थोडक्यात आटोपते. अमोआको बोआफोचे चित्र २०२० मध्ये लंडनला अंदाजापेक्षा दहापटींहून अधिक किमतीला गेले, त्यानंतर काळ्या व्यक्तिचित्रांची बाजारात रीघ लागली आणि त्यांतली पुष्कळशी एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. पण त्याच रिघेत केरी जेम्स मार्शलही बसवला जातो, याची चीड येते. मार्शल वेगवेगळ्या घडणीचे काळे रंग वापरतो, हाडांच्या कोळशाचा, लोहाचा, काजळीचा, आणि त्यांत निळसर किंवा तपकिरी छटा आणून चेहरा घडवतो. काळा हा त्याच्याकडे प्रकाशाचा अभाव राहत नाही, तो एक भरलेला रंग होतो. त्या रंगाविषयी न बोलता 'दृश्यमानता' हा शब्द वापरला तर मार्शल आणि त्याची नक्कल करणारा शंभरावा चित्रकार यांत फरक कसा करणार?

यावर गंभीर आक्षेप आहे. हा काळ चिकित्सेचा आहे का? २०२५ मध्ये एमी शेराल्डने वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयातले आपले प्रदर्शन मागे घेतले, कारण स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातल्या एका पारलिंगी कृष्णवर्णीय व्यक्तीचे चित्र काढून टाकण्याची भाषा सुरू झाल्याचे तिला कळले. हल्ला चालू असताना आपल्याच माणसांच्या चित्रांतले दोष काढत बसायचे का? मी म्हणतो, मर्सरने दुसरा लेख लिहिला ते साल पाहा. मार्च १९८९ मध्ये मेपलथॉर्प गेला, जूनमध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने त्याचे प्रदर्शन रद्द केले, आणि सिनेटर जेसी हेल्म्स त्याच्या छायाचित्रांचे नाव घेऊन कलेचा सरकारी निधी तोडायला निघाला. मर्सरच्या ध्यानात आले की त्याचा स्वतःचा पहिला युक्तिवाद हेल्म्सच्या हातातही चपखल बसतो. म्हणून तो गप्प झाला नाही, आणि मेपलथॉर्पला निर्दोष ठरवायलाही धावला नाही. त्याने वाचन अधिक बारीक केले, इतके की सेन्सॉरला त्यातून उचलण्याजोगे एक वाक्यही मिळू नये. हल्लेखोराला चित्रात एकच अर्थ दिसतो. आपणही एकच अर्थ, फक्त उलटा, धरून बसलो तर चित्र त्याच्याच भाषेत अडकून राहते.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. एसेक्स हेम्फिलसारख्या कृष्णवर्णीय समलिंगी कवीने मेपलथॉर्पला कधी माफ केले नाही. ज्याच्या देहाची वस्तू झाली त्याला दुहेरी अर्थाचे सुख कसे परवडेल, असा त्या रागाचा आशय आहे. २०१७ मध्ये व्हिटनी बिएनालेत डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या शवपेटीचे चित्र लावले तेव्हा ते नष्ट करा अशी मागणी झाली, तीही याच वेदनेतून. ही वेदना मला खरी वाटते. पण शुट्झच्या चित्राचा दोष तिच्या कातडीत शोधला की चित्रातला दोष सुटून जातो. १९५५ मध्ये टिलच्या आईने पेटी उघडी ठेवली आणि छायाचित्र छापू दिले, ते मुलाचे काय केले हे जगाने पाहावे म्हणून. शुट्झने तोच छिन्नविच्छिन्न चेहरा जाड रंगाच्या सफाईदार फटकाऱ्यांत विरघळवला. आईने जे झाकू दिले नाही ते कुंचल्याने झाकले. हा आरोप नष्ट करण्याच्या मागणीपेक्षा कठोर आहे, आणि तो चित्र पाहिल्याखेरीज करता येत नाही.

ज्याच्याकडे असे पाहायला हवे आणि ज्याच्यावर आज सर्वांत जास्त शिक्के मारले जातात तो रोटिमी फानी-कायोडे. लागोसला जन्म, १९६६च्या उलथापालथीनंतर कुटुंबासह इंग्लंडमध्ये, लंडनच्या 'ऑटोग्राफ' या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष, १९८९ मध्ये अकाली मृत्यू. नायजेरियन, ब्रिटिश, समलिंगी, निर्वासित, असे चार शब्द भिंतीवरच्या पाटीवर लिहिले की काम झाले असे वाटते. पण त्याच्या छायाचित्रात एक नग्न पुरुष इफे या प्राचीन योरुबा नगरीच्या धर्तीच्या ब्राँझ मस्तकावर बसू पाहतो, आणि त्यात पूजा आहे, कामना आहे, विटंबनाही आहे. यांतले एकही त्या चार शब्दांतून कळत नाही. योरुबा पुजाऱ्याची समाधी आणि लंडनच्या स्टुडिओतला दिवा यांची त्याने गाठ मारली, ती मेपलथॉर्पच्या थंड प्रकाशाला दिलेले उत्तर होते. मेपलथॉर्पचे देह दगडासारखे स्थिर असतात. फानी-कायोडेचे देह मुखवटा, पिसे, फळे, कापड घेऊन कुठल्यातरी विधीच्या मध्यावर असतात, पुढच्या क्षणी हलतील असे.

'द अदर स्टोरी'त साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझाही होता. आपल्याकडे त्याच्यावर लिहिताना गोवा, जे.जे.तून झालेली हकालपट्टी, बंडखोरी आणि लिलावातले आकडे एवढ्यावर बहुधा भागते. साठच्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये त्याने काळ्यावर काळा रंग चढवून चित्रे केली. वंश, धर्म, देहाची वासना यांविषयी त्याला काय म्हणायचे होते ते त्या जाड रंगाच्या कंगोऱ्यांत आहे. समोरून पाहिले तर एक काळा पत्रा दिसतो. बाजूला सरकावे लागते, उजेड तिरका पडेल अशी जागा शोधावी लागते, आणि मग एकेक करून कपाळ, नाक, उघडे दात वर येऊ लागतात.