‘बलुतं’ आणि घेणाऱ्याची लाज

आत्मकथनाने लाज नाहीशी होते, असे दलित आत्मकथनांविषयी लिहिताना आपण सहज म्हणून जातो. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) पुन्हा लक्षपूर्वक वाचले म्हणजे या विधानाला मुरड घालावी लागते.

या ग्रंथात सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा दया पवार. आणि दोघे एकच. शिकलेला, कवी म्हणून नावारूपास आलेला दया ज्याला मागे टाकू पाहतो, तोच दगडू त्याच्याशी बोलू लागतो. ही केवळ निवेदनाची क्लृप्ती मानणे अन्यायाचे होईल. लाज येथे गेलेली नाही. ती कथनाच्या रचनेतच ठाण मांडून बसली आहे.

शीर्षकाचा शब्दही असाच दुधारी आहे. मयताची वार्ता परगावी पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे अशा कामांबद्दल महाराला मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. होते ते कामाचे मोल, पण मागावे लागे भिक्षेसारखे. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. देणाऱ्याची दृष्टी तशीच राहिली. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांवरून ‘सरकारी जावई’ हा टोमणा मराठीत रुळला, तो त्या दृष्टीतूनच. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात शिकविणाऱ्या मराठी शिक्षकालाही हे अपरिचित नसावे: शिष्यवृत्तीच्या यादीत आपले नाव वाचले जाताच मान खाली घालणारे मूल कोणत्या वर्गात नसते?

उलट माधुकरी मागून, वार लावून जेवून विद्या संपादन केल्याच्या हकीकती आपल्या जुन्या चरित्रवाङ्मयात गौरवाने येतात. अन्न तेथेही परक्याचेच. पण त्या घेण्याला तपाची प्रतिष्ठा होती, आणि ती प्रतिष्ठा जातीने आधीच मिळवून दिलेली होती. एवढा भेद ध्यानात घेतल्यावाचून दगडूचा संकोच हा केवळ स्वभावदोष वाटेल.

कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) हा संकोच निराळ्या रीतीने हाताळला आहे. संस्कृतात उच्च पदवी मिळवूनही नोकरी मिळेना. मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर. ती माहेरच्या सोमकुवर नावाला नव्हे, पावडे या आडनावाला मिळाली, असा हिशेब त्या कोरडेपणाने मांडतात. लाज येथे घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे सरकते. पवारांपाशी असा अलिप्तपणा नाही. त्यांचा दगडू वारंवार स्वतःलाच दोषी धरतो. काही ठिकाणी हे आत्मताडन लांबते, हे मान्य; तथापि ‘बलुतं’ सर्वांत खरे उतरले आहे ते त्याच पानांत.