पडलेल्या इमारतींची साक्ष

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या; शेजारच्या कित्येक उभ्या राहिल्या. असे का व्हावे? रिश्टर मापनाशी थांबणारा भूकंपाचा धडा या प्रश्नापर्यंत पोचत नाही. तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेले प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांचे ‘अर्थक्वेक टिप्स’ (२००५) हे इंग्रजी पुस्तक मात्र पोचते. त्यात छोटी छोटी २४ टिपणे आहेत आणि आकृत्या भरपूर आहेत.

पुस्तकाचे बळ त्यातील उपमांत आहे. साखळीतली तन्य कडी मुद्दाम इतरांपेक्षा कमजोर ठेवली, तर ओढ वाढताच ती आधी लांबते. साखळी एकाएकी तुटत नाही. इमारतीत हे काम तुळयांचे, स्तंभांचे नव्हे. स्तंभ मोडला तर वरचे सारे मजलेच खाली येतात. वाहनांसाठी तळमजला मोकळा ठेवला की वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात आणि हेलकाव्यांचा सारा भार खालच्या स्तंभांवर पडतो. अहमदाबादेत पडलेल्या अनेक इमारती अशाच होत्या. स्तंभातील रिंगांची टोके १३५ अंशांत आत का वळवायची, हेही येथे कळते. ती काटकोनात असली, तर बाहेरचे काँक्रीट फुटताच रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात.

तरीही एक तक्रार उरते. पुस्तकाचा सूर सांगण्याचा आहे, शोधण्याचा नाही. तपास करणारा अभियंता आधी तडे वाचतो. स्तंभाच्या टोकाशी आडवा तडा म्हणजे बहुधा वाकण्याची खूण. तिरपा तडा कर्तनाची. भूकंपात धक्के उलटसुलट बसतात, म्हणून तिरप्या तड्यांची फुली होते. मग तो न पडलेली इमारतही तितक्याच बारकाईने पाहतो. तळमजला मोकळा असूनही जी टिकली, ती कशामुळे? हा प्रश्न टाळला तर निष्कर्ष लंगडा राहतो.

रिंगांविषयीचे भारतीय मानक तर १९९३ सालीच आले होते. म्हणजे ज्ञान होते. सळया बांधणाऱ्या हातांपर्यंत ते सर्वत्र उतरले नव्हते. म्हणूनच हे पुस्तक वर्गात जरूर न्यावे, पण मजकूर झाकून. आधी मुलांना चित्रे पाहू द्यावीत, कारण सुचवू द्यावे. मग पान उघडावे आणि शेवटी सर्वांनी मिळून आपल्याच शाळेच्या स्तंभांकडे पाहावे.