चुणी कुठून ओढली जाते?

गेममधल्या पात्राचे कपडे ‘खरे’ वाटतात, असं आपण कधी म्हणतो? बहुतेक वेळा झूम केल्यावर. डेनिमची तिरकी वीण दिसली, शिवणीचा दोरा दिसला की आपण खूश. मीही असंच म्हणायचे. आता वाटतं, धागा खरा असूनही कापड खोटं असू शकतं.

हे कळलं ते स्वतः तोंडावर आपटल्यावर. ऑफिस सुटल्यावर छंद म्हणून मी नऊवारीतल्या एका बाईचं थ्रीडी मॉडेल करत होते. आजीच्या लुगड्याचा फोटो काढून तोच पोत मॉडेलवर चढवला, निऱ्यांच्या मधे गडद रंग भरला. काठ हुबेहूब, वीण हुबेहूब. आणि बाई मात्र खांबाला गुंडाळलेल्या पडद्यासारखी. आजीने स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, “अगं, हिचा कासोटा कुठे खोचलाय?”

खोचलाच नव्हता. मग चुण्या ओढल्या कुठून जाणार?

कापडाला स्वतःचा आकार नसतो. ते कुठेतरी अडकतं, तिथून ओढलं जातं आणि मधे लोंबतं. कोपर दुमडलं की आतल्या बाजूला चुण्या दाटतात, बाहेरून बाही ताणून गुळगुळीत होते. म्हणजे प्रत्येक चुणी आतल्या शरीराची बातमी देते. बातमी चुकली तर पोत कितीही बारीक असो, कपड्यात माणूस नाही हे डोळ्यांना लगेच कळतं.

म्हणूनच २००७ सालचा ‘टीम फोर्ट्रेस २’ मला आजही शिकण्यासारखा वाटतो. व्हॉल्व्हच्या कलाकारांनी त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकन चित्रकार जे. सी. लायन्डेकर अभ्यासला. शर्टाच्या कॉलरच्या जाहिराती रंगवून गाजलेला हा माणूस. त्याच्याकडून त्यांनी एक नियम उचलला: कपड्यावरच्या चुण्या पात्राच्या बाह्याकृतीशी सूर जुळवणाऱ्या हव्यात. खेळाडूला नऊ प्रकारची पात्रं लांबून, पळताना, क्षणात ओळखायची असतात. त्यामुळे चुण्या मोजक्या, आणि जी आहे ती पात्राचा आकार ठसवणारी. वीण जवळजवळ नाहीच. तरी हेवीच्या अंगावरचा शर्ट हेवीचाच वाटतो.

यावर कोणी म्हणेल, ते कार्टून आहे, वास्तववादाशी त्याचा काय संबंध? माझ्या मते संबंध आहे. आजच्या वास्तववादी गेममध्ये मार्व्हलस डिझायनरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शिंप्यासारखे तुकडे बेतून, शिवून, गुरुत्वाकर्षणाखाली कापड सोडता येतं. पडलेल्या चुण्या मग नॉर्मल मॅपमध्ये उतरवतात. नॉर्मल मॅप म्हणजे सपाट पृष्ठभागावर प्रकाश उंचसखल असल्यासारखा पडावा म्हणून प्रत्येक बिंदूची दिशा नोंदवणारं चित्र. चुण्या अस्सल असतात, पण त्या पडतात तेव्हा पात्र बहुधा हात पसरून उभं असतं. पुढे ते बसो, वाको, झाडावर चढो, बारीक चुण्या अनेकदा त्या पहिल्या उभं राहण्याच्याच राहतात.

हाताने रंगवलेली चुणीही गोठलेलीच असते, हे खरं. फरक इतकाच, की रंगवणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं. म्हणून कोणती चुणी ठेवायची आणि कोणती पुसायची, हे त्याला ठरवावं लागतं. सिम्युलेशन चुण्या देतं, निवड देत नाही. आणि मला वास्तववाद या निवडीत दिसतो, पिक्सेलच्या संख्येत नाही.

मी मॉडेल पुन्हा उघडलं. निम्म्या चुण्या पुसल्या. कमरेला एक ताण, मागे कासोट्याला दुसरा, आणि मांडीवरून त्या दोन टोकांकडे धावणाऱ्या चार-पाच रेघा. काठ आता थोडा पुसट आहे. आजीला दाखवलं. चष्मा वर सरकवत ती म्हणाली, “हां, आता चालेल ही बाई.”