'मुळे', 'पासून' आणि वटवाघूळ

वटवाघळांच्या शरीरात वसणाऱ्या विषाणूंविषयी गेल्या काही वर्षांत मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. वृत्तपत्रीय स्फुटांत व आरोग्यविषयक पत्रकांत 'वटवाघळांमुळे पसरणारा रोग' हा प्रयोग तर इतका रूढ झाला आहे, की त्याची चिकित्सा करण्याची गरज कोणास भासत नाही. ती चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. आमचा आक्षेप शैलीवर नसून अर्थावर आहे.

'पासून' हे शब्दयोगी अव्यय उगम दाखविते, 'मार्फत' मध्यस्थ दाखविते आणि 'मुळे' कारण दाखविते. निपाह रोगाच्या इतिहासात या तिहींची स्थाने निरनिराळी आहेत. मलेशियात १९९८-९९ साली झालेल्या उद्रेकात विषाणू फलाहारी वटवाघळांपासून निघाला व डुकरांमार्फत माणसांपर्यंत पोहोचला. वराहपालनाच्या आवारातच फळझाडे लावण्याची पद्धत होती. वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाली पडत व ती डुकरांच्या तोंडी जात. शंभरावर माणसे दगावली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली. येथे 'मुळे' लागावयाचे ते माणसाने केलेल्या त्या मांडणीस. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस हा मध्यस्थ ठरला. रात्री रसाच्या मडक्याशी वटवाघळे येतात. मडक्यावर बांबूचे आच्छादन बांधले की ती वाट अडते. केरळात कोझिकोड येथे २०१८ साली बहुतेक रुग्णांस हा रोग माणसापासूनच, आणि तोही मुख्यतः रुग्णालयांत, जडला.

सामान्य वाचकासाठी लिहिताना इतकी काटेकोर भाषा कशास हवी, असे कोणी म्हणेल. परंतु ही अव्यये पारिभाषिक नव्हेत. 'पावसामुळे पीक गेले' आणि 'विहिरीपासून पाट काढला' यांतील भेद निरक्षर शेतकऱ्यासही उपजत कळतो. भेद पुसला आहे तो आम्हा लेखकांनी.

याचे परिणाम व्याकरणापुरते राहत नाहीत. कारण जेथे दाखवावे तेथेच उपाय केला जातो. युगांडातील किटाका खाणीत २००७ साली कामगारांस मारबुर्ग रोग झाला. पुढे तेथील वटवाघळांचा संहार करण्यात आला. मात्र २०१२ साली त्या खाणीत पुन्हा वस्तीस आलेल्या वटवाघळांत त्याच विषाणूचे प्रमाण पूर्वीहून अधिक आढळले.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये घेतले. त्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंड ही विषाणूशी पूर्वी आलेल्या संपर्काची खूण होय. 'महाबळेश्वरात निपाह सापडला' असे म्हणणे म्हणजे पाऊलखुणेस प्राणी समजणे. अशा वाक्याने घाबरलेला गावकरी गुहेत धूर करण्यास निघाला, तर त्याचा दोष त्याच्या अज्ञानावर ढकलता येणार नाही.

विज्ञानविषयक मराठीसाठी नव्या संज्ञा घडविण्यात आपली बरीच शक्ती खर्च झाली आहे. ते कार्य आवश्यकच आहे. तथापि उत्तम संज्ञा योजूनही चुकीच्या अव्ययाने वाक्य असत्य होऊ शकते. वटवाघळापुढे 'पासून' लिहावे. 'मुळे' लिहिण्यापूर्वी मात्र माणसाच्या वर्तनाकडे एकवार पाहावे.