मराठी उपाहारगृहें आणि हरवलेलें जेवण

उपाहारगृहांवर टीकालेख लिहावा इतकें त्यांत काय आहे, असा प्रश्न कांहीं वाचक आम्हांस करतील. परंतु नाटक पाहून आलेला मनुष्य त्याच्या गुणदोषांविषयीं तासभर बोलतो आणि जेथें तो सहकुटुंब खातो त्या जागेविषयीं मात्र ‘बरें होतें’ एवढ्यावर थांबतो, ही आमच्या रसिकतेंतील एक उणीवच होय. म्हणून गेल्या पावसाळ्यांत आम्हीं गिरगांव, दादर, परळ व लालबाग या भागांतील मराठी उपाहारगृहें मुद्दाम पुन्हां हिंडून पाहिलीं.

आरंभ गिरगांवापासून करणें न्याय्य. पणशीकरांचें पीयूष आणि ठाकुरद्वारच्या विनय हेल्थ होममधील मिसळ यांची गोडी अद्यापि उतरलेली नाहीं. विनयची मिसळ कोल्हापूरच्या मानानें सौम्य. तिखटाच्या आड लपण्याची तिला गरज वाटत नाहीं, हाच तिचा गुण. दादरास मामा काण्यांचा बटाटावडा व प्रकाशचा साबुदाणावडा यांची ख्याति आहे. आस्वादच्या मिसळीस तर २०१५ सालीं लंडनांत जाहीर झालेल्या एका पारितोषिकांत जगांतील उत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. हें सर्व मान्य करूनहि आमची तक्रार उरते ती अशी, कीं हा सारा फराळ झाला. थाळी कांहीं ठिकाणीं मिळते, नाहीं असें नाहीं. परंतु कीर्ति वड्याची, मिसळीची, थालीपिठाची. चार दुकानांच्या पदार्थांच्या याद्या आपसांत बदलल्या तर गिऱ्हाइकाच्या तें लक्षांतहि येणार नाहीं.

ही उणीव आम्हांस जाणवली ती एका अनपेक्षित ठिकाणीं. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारांत, एका इटालियन उपाहारगृहांत आम्हांस जेवावयास नेलें. तेथील यादींत बहुतेक पदार्थ आपल्या गांवाचें नांव लावून उभा होता: हा बोलोन्याचा, हा नेपल्सचा, हा जिनोव्हाचा. वस्तुतः हें बरेंचसें शेतकऱ्याकामकऱ्याचें अन्न. १८८० ते १९२४ या काळांत सुमारें ४० लाख इटालियन लोक अमेरिकेस गेले. त्यांत एकटे पुरुष फार. एखाद्या गांववाल्याच्या बिऱ्हाडीं पैसे भरून ते राहात, आणि त्या घरची बाई त्यांस रांधून घाली. न्यूयॉर्कांतील कित्येक इटालियन भोजनगृहांचें मूळ अशा स्वयंपाकघरांत आहे.

हें ऐकून लालबाग-परळच्या माणसास आपलीच कथा आठवेल. १८५४ सालीं ताडदेवास पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली; पुढें रत्नागिरी-साताऱ्याकडचे पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून आले आणि पाळीपाळीनें एकेका खोलींत दहादहा जण निजूं लागले. त्यांस जेवूं घातलें तें खाणावळवालीनें. गिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं सुमारें पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. त्या हळूहळू बाहेर पडल्या, आणि त्यांतील कित्येकींस चूल हाच धंदा उरला. पगार झाला कीं पैसे मिळावयाचे. तोंवर वाणी आणि सावकार. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें, हें कार्य थोर खरें. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि उधारीवर चालणारी चूल कशी टिकावी?

आम्हीं स्वतः १९८८ सालीं, विद्यार्थिदशेंत, लालबागच्या एका चाळींत अशा उरल्यासुरल्या खाणावळींत वर्षभर जेवलों. मावशी कणकवलीकडच्या. सोमवारीं कुळथाची पिठी, बुधवारीं बांगड्याचें तिखलें, रविवारीं कोंबडी; उशिरा सुटणाऱ्या पाळीच्या माणसाचें ताट झांकून ठेवलेलें. “भात घे आणखी, नुसतीं पुस्तकं वाचून पोट भरतं काय रे?” असें म्हणून त्या आमचें उत्तर येण्यापूर्वींच वाढीत. त्या खोलीवर पाटी नव्हती, आणि पुढेंहि कधीं लागली नाहीं.

इटालियन बाईच्या चुलीस पाटी मिळाली, मावशींच्या चुलीस कां मिळाली नाहीं? भांडवल नव्हतें, हें एक उत्तर. दुसरें उत्तर आम्हां मध्यमवर्गीयांस बोचणारें आहे. ज्यांच्यापाशीं थोडेंबहुत भांडवल होतें त्या आमच्या लोकांस भात ही घरची, सोवळ्याओवळ्याची वस्तु वाटे. बाहेर खावयाचें तें तळलेलें, चार घांसांचें. आमची उपाहारगृहें त्या संकोचांतून वाढलीं. आज सोवळें गेलें, यादी मात्र तीच राहिली.

दादरास गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य आहेत ना, असें कोणी म्हणेल. आहेत, आणि तेथील मासळी आम्ही आवडीनें खातों. परंतु तळलेली सुरमई व कोंबडी-वडे हें पाहुण्याचें जेवण झालें. चाकरमान्याचें रोजचें, स्वस्त आणि पोटभर अन्न तेथें क्वचितच दिसतें.

आमचें मागणें लहान आहे. दादर-गिरगांवच्या एखाद्या चालकानें आठवड्यांतून एक दिवस फळ्यावर ‘कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा’ एवढेंच लिहावें, व खालीं ज्या गांवची ती रीत असेल त्या गांवाचें नांव घालावें. शाकाहारी चालकांनीं बांगडा वगळण्यास आमची हरकत नाहीं. सोमवार सोडून कोणत्याहि दिवशीं आम्ही येऊं. सोमवारीं आमच्या घरीं मासळी चालत नाहीं.