यंत्राच्या माथी : स्टीफन किंगची ‘सेल’ आणि तिचे वाचक

स्टीफन किंग यांची ‘सेल’ ही कादंबरी जानेवारी 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. एक ऑक्टोबरच्या दुपारी तीन वाजून तीन मिनिटांनी मोबाइल फोनवरून एक नाद पसरतो आणि त्या क्षणी ज्यांच्या ज्यांच्या कानाला फोन असतो ते सारे हिंस्र होतात. बॉस्टन शहरातल्या मोठ्या बागेजवळ आइसक्रीमच्या गाडीपुढे रांग लागलेली असते. रांगेत उभा असलेला चित्रकार क्लेटन रिडेल एवढ्यासाठी वाचतो की त्याच्याकडे मोबाइल नाही. नुकतेच त्याचे चित्रकथेचे पुस्तक विकले गेले आहे आणि त्या आनंदात तो घरच्यांसाठी भेटवस्तू घेऊन निघाला आहे. पण मेन राज्यातल्या घरी असलेल्या त्याच्या मुलाकडे, जॉनीकडे, एक लाल मोबाइल आहे. मुलाने तो कानाला लावला असेल की नसेल, या एका प्रश्नावर पुढची सारी कादंबरी चालते.

मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. एका तालुक्याच्या गावी राहतो, भयकथा जमवतो, वाचतो आणि ज्यांना वाचायला देतो त्यांची मते एका वहीत टिपून ठेवतो. ‘सेल’ची माझी प्रत गेल्या काही वर्षांत बऱ्याच हातांतून फिरली. निवृत्त शिक्षकांनी ती वाचली, महाविद्यालयातल्या मुलामुलींनी वाचली, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणानेही वाचली. या नोंदी मूठभर आहेत, त्यांवरून टक्केवारी काढण्याचा खुळेपणा मी करणार नाही. परंतु या मंडळींच्या तक्रारी आणि कादंबरी निघाल्यापासून इंग्रजी वाचक करत आलेल्या तक्रारी यांत विलक्षण साम्य आहे. सुरुवातीची चाळीस-पन्नास पाने सर्वांना घट्ट धरून ठेवतात, याविषयी दुमत नाही. त्यानंतर मात्र तीन आक्षेप पुन्हा पुन्हा येतात. नाद कोणी पाठवला हे लेखक सांगत नाही, हा पहिला. कादंबरी म्हणजे मोबाइलवर राग असलेल्या जुन्या माणसाची कुरकुर आहे, हा दुसरा. आणि शेवट अर्धवट आहे, हा तिसरा. मला हे आक्षेप निकालात काढायचे नाहीत. वाचक म्हणून आपण नेमके काय मागतो, ते त्यांतून दिसते, म्हणून ते तपासायचे आहेत.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत सोपा वाटतो. लेखकाकडे मोबाइल नाही, असे मूळ आवृत्तीच्या वेष्टनावरील परिचयातच छापले होते. म्हणजे फोनविषयीची अढी लपवलेली नाही. शिवाय कादंबरी पहिल्या आयफोनच्या आधीची आहे, तो 2007 मध्ये आला. किंग यांच्या पात्रांचा मोबाइल हा केवळ बोलण्याचा आणि ऐकण्याचा आहे, आणि संकट येते ते कानावाटे. आजचा तरुण वाचक हसून म्हणतो की हल्ली अनोळखी फोन उचलतोच कोण? दुरुस्तीच्या दुकानातल्या तरुणाचे म्हणणे असे पडले की हे सगळे आता कानातून न येता डोळ्यांतून यायला हवे होते. त्याचा मुद्दा बरोबर आहे, परंतु त्याने आक्षेप उलटाच होतो. यंत्र जुने झाले, भीती जुनी झाली नाही. एकच निरोप एकाच वेळी हजारो माणसांकडे पोहोचतो आणि ती माणसे एक होऊन चालू लागतात, ही ती भीती.

कादंबरीत हे अक्षरशः घडते. पहिल्या दिवशी एकमेकांचे लचके तोडणारे फोनवेडे लवकरच एकमेकांना मारायचे थांबवतात. ते थवे करून फिरतात, रात्री मैदानात एकमेकांना खेटून निपचित पडतात, संगीत ऐकतात, आणि हळूहळू सर्वांचे मिळून एक मन तयार होते. बारा वर्षांचा जॉर्डन हा संगणकवेडा मुलगा त्याचा अर्थ लावतो : मेंदू म्हणजे हार्ड डिस्क, नादाने ती पुसली गेली, तळाशी उरली ती केवळ हिंसेची मूळ आज्ञा, आणि आता तिच्यावर नवे काही भरले जात आहे.

येथे पहिला आक्षेप येतो. नाद कोणी पाठवला? कादंबरीत अतिरेक्यांविषयी तर्क होतात, पण उत्तर मिळत नाही. वहीतल्या जवळजवळ प्रत्येक वाचकाला ही उणीव खटकली आहे. मला ती उणीव वाटत नाही, कारण उत्तराची दिशा पुस्तकाच्या आरंभीच दिलेली आहे. आरंभी तीन अवतरणे आहेत : एक फ्रॉइडचे, दुसरे प्राण्यांच्या आक्रमकतेचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेंट्सचे, आणि तिसरे एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतले. म्हणजे तीन पुराव्यांपैकी दोन माणसाविरुद्ध आहेत, यंत्राविरुद्ध एकच. वाचक मात्र तिसऱ्यालाच आरोपी धरून त्याच्या मालकाचा पत्ता विचारत राहतो.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ॲलिसचा मृत्यू. ॲलिस मॅक्सवेल ही पंधरा वर्षांची मुलगी बॉस्टनमध्येच क्लेटन आणि त्याचा सोबती टॉम यांना येऊन मिळते. आईला तिने डोळ्यांदेखत वेडी झालेली पाहिले आहे. वाटेत सापडलेला लहान बाळाचा एक बूट ती सतत मुठीत धरून असते. कादंबरीत हजारो माणसे मरतात, पण वाचक हळहळतात ते हिच्यासाठी. तिला फोनवेडे मारत नाहीत. मोटारीतून भरधाव जाणारे दोन धडधाकट, फोनचा स्पर्शही न झालेले पुरुष आधीच्या बाचाबाचीचा राग मनात ठेवून सिमेंटचा ठोकळा फेकतात, तो तिच्या डोक्यात बसतो. मी प्रत्येक वाचकाला विचारत आलो की ॲलिसला कोणी मारले. बहुतेकांना मृत्यू नीट आठवत होता, मारणारे आठवत नव्हते. काहींनी तर ठामपणे सांगितले की फोनवेड्यांनी.

ही विसरभोळेपणाची नोंद मी आधी गंमत म्हणून केली होती. मग माझ्याच एका आठवणीशी ती येऊन भिडली.

2018 च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे निरोप महाराष्ट्रभर व्हॉट्सॲपवर फिरत होते. असा एक निरोप माझ्याकडेही आला होता. मी तो नातेवाइकांच्या दोन समूहांवर पुढे पाठवला. सावधगिरी म्हणून. पडताळणी काहीच केली नाही. एक जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. माझा निरोप तिथपर्यंत गेला नसणार, हे मला ठाऊक आहे. तो कुठे कुठे गेला, हे मात्र मला ठाऊक नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. चर्चा यंत्राची झाली. मीही सुटकेचा श्वास टाकून यंत्राविषयीच बोलत होतो.

‘सेल’ मी पुन्हा वाचली ती त्यानंतर, आणि मग मला तिचे खरे वैगुण्य दिसले. वाचकांच्या तिन्ही आक्षेपांत ते नाही. किंग यांचे फोनवेडे निर्दोष आहेत. त्यांचे मन पुसले गेले आहे, नाव पुसले गेले आहे, त्यांना गुन्हेगार कसे म्हणणार? बागेतल्या प्रसंगात मैत्रिणीच्या फोनवरचे थोडेसेच जिच्या कानी पडते ती मुलगी आपण कोण हेच विसरते आणि स्वतःचे डोके दिव्याच्या खांबावर आपटून घेते. भयकथा म्हणून हे प्रभावी आहे. पण राईनपाड्यात कोणाचेही मन पुसलेले नव्हते. जमावातल्या प्रत्येकाला आपले नाव ठाऊक होते, आपले घर आणि आपली मुले ठाऊक होती. किंबहुना मुलांवरच्या मायेलाच त्या निरोपाने हात घातला होता. माझ्याही. यंत्र बिघडले की माणूस पशू होतो, हे कादंबरीचे गृहीतक आपल्याला घाबरवते तेवढेच सुखावतेही, कारण त्यात आपण सुटतो. या गृहीतकाला पुस्तकातूनच उत्तर देणारा प्रसंग एकच, तो म्हणजे ॲलिसचा. आणि नेमका तोच वाचकांच्या आठवणीत बदलून बसतो.

राहिला शेवट. क्लेटनला मुलगा सापडतो, पण उशिरा फोन ऐकलेला, अर्धामुर्धा हरवलेला. पुढचा नाद सदोष होता, तो पुन्हा ऐकवला तर कदाचित जुने मन परत येईल, असा जॉर्डनचा तर्क असतो. क्लेटन मुलाच्या कानाला फोन लावतो, आणि कादंबरी संपते. मराठी वाचकाला हे रुचत नाही यामागे आपली परंपराही आहे. नारायण धारप यांच्या भयकथांवर आमची पिढी वाढली. तेथे अघोरी शक्ती कितीही माजली तरी समर्थ येतात, आणि अप्पा जोशींच्या साक्षीने तिचा बंदोबस्त होतो. शेवटचे पान मिटताना दाराला कडी लागल्याचे समाधान मिळते. ‘सेल’मध्ये समर्थ नाहीत. एक बाप आहे, एक मुलगा आहे आणि एक फोन आहे.

अमेरिकन वाचकांनीही एवढी ओरड केली की चित्रपटाच्या पटकथेत सहलेखक असलेल्या किंग यांनी शेवट बदलला. जॉन क्युसॅक आणि सॅम्युअल जॅक्सन यांचा तो चित्रपट 2016 मध्ये आला. त्याचा शेवट मूळ कादंबरीपेक्षा काळाकुट्ट आहे, आणि त्यानेही कोणाचे समाधान झाले नाही.

मला कादंबरीतला शेवटच योग्य वाटतो. त्याआधी काय घडते ते पाहावे. फोनने जग बुडवले. पुढे स्फोटके भरलेल्या बसचा धमाका घडवून थवा उडवला तोही फोननेच. आणि आता मुलाचा इलाज म्हणून बापाच्या हाती आहे तोही फोनच. तीन वेळा तीच वस्तू, तीन वेळा वेगळी माणसे. तिसऱ्या वेळी फोन कानाला लावणारा बाप परिणाम जाणून, घाबरत, प्रेमापोटी ते करतो. मीही निरोप पुढे पाठवला तो प्रेमापोटीच, मात्र न घाबरता. दोन्हींत फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

माझी प्रत सध्या अकरावीतल्या एका मुलीकडे आहे. ती परत येईल तेव्हा शेवट आवडला का, हे विचारणार नाही. ॲलिसला कोणी मारले, एवढेच विचारीन.